मुद्देमाल

आचारसंहिता लागली की माझ्या खोलीत बंदुका येतात,
सुट्टीत पाहुणी पोरं येतात तशा.
एखादी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली,
एखादी पोराच्या क्रिकेटच्या बॅगेत.
मी यशोधरा उके, पाचपावली, मुद्देमाल कारकून.
खिडकीत कूलर आहे, कूलरमध्ये पाणी नाही.
नंबर लिहिते, सुतळी आवळते, लाख वितळवते.

येळणे सराफ रिव्हॉल्वर टेबलावर ठेवतात,
तान्हं लेकरू परक्याच्या मांडीवर द्यावं तसं.
“दोन महिने हे तुमच्यापाशी, मॅडम.
मले सांगा, चोरायनं आपले कुठं जमा केले?”
त्यांच्या कपाळावर सात टाक्यांची रेघ आहे.
इतवारी, शटर ओढतानाची वेळ.
मी म्हणते, इथे सही करा.
पावतीवर त्यांच्या प्रश्नासाठी रकाना नाही.

कुवारे गुरुजींची एकनळी.
शेत देवलापारला, परवाना इथल्या पत्त्यावर.
“डुकरायलेही कळवून द्या म्हणा, आचारसंहिता हाय.”

एकदा रात्री मानेवाडा रिंग रोडवर
दोन मोटरसायकली माझ्या स्कुटीच्या दोन्ही बाजूंनी चालत राहिल्या.
काही बोलल्या नाहीत. नुसत्या चालत राहिल्या.
माझा हात कमरेकडे गेला.
तिथे ओढणीची गाठ होती.
म्हणून मी येळण्यांना हसत नाही.

पण खालच्या कप्प्यात,
वाळवीच्या रेषेपासून वीतभर वर,
एक पिस्तूल आहे, ते दर निवडणुकीनंतर इथेच राहतं.
कट्टा नव्हे. परवान्याचं. नूतनीकरण वेळेवर, शिक्का ठळक.
वरातीत डीजेच्या गाडीवर चढून
नवरदेवाच्या मावसभावानं हवेत झाडलेलं.
चार जबाबांत चौघं तेच सांगतात:
हवेत. हवेत. साहेब, हवेतच.
चौथ्यानं तर बोट वर करून दाखवलं, असं जबाब लिहिणारा सांगतो.

हवेत म्हणजे कुठे?
हवेत दुसऱ्या मजल्याची गच्ची होती.
गच्चीवर प्रज्योत निनावे, इयत्ता नववी,
घोडा दिसावा म्हणून टाचा उचलून उभा.

त्याचा शर्ट त्याच कप्प्यात, लागोपाठचा नंबर.
आणि एक चप्पल. उजवी.
सुतळी कुजते, दर उन्हाळ्यात मी बदलते,
दोघांना एकाच रिळातली.

सुलोचनाबाई महिन्यातून एकदा येतात.
शर्ट मागत नाहीत.
“एक चप्पल तुमच्यापाशी हाय बाई, एक माह्यापाशी.
निकाल लागला का देसान ना?”
हो म्हणते मी. निकाल लागला की.

जूनमध्ये निकाल लागतो. तो दुसरा, मतांचा.
येळणे येतात, लाख फोडतात, चेंबर फिरवून पाहतात.
“आता झोप लागन.”
वळतात तर बाकावर सुलोचनाबाई.
त्या हातातल्या रिव्हॉल्वरकडे पाहतात,
येळणे त्यांच्या पदराकडे.
काहीतरी म्हणणार असतात.
“ऊन लय हाय यंदा,” म्हणतात,
आणि पिशवीची चेन लावताना ती दोनदा अडकते.

कोर्टाची तारीख पडली की
मी पिस्तूल, शर्ट, चप्पल एका पोत्यात घालते.
सोबत शिपाई. जीप पंक्चर असते, नाहीतर साहेबांसोबत असते,
म्हणून ऑटो.
“काय हाय मॅडम पोत्यात?”
“मुद्देमाल.”
त्यानंतर तो आरशात बघत नाही.
पण धंदा आहे, चौक आला की मान बाहेर काढून ओरडतो,
रोज ओरडतो तसा, गिऱ्हाईक बोलावतो तसा:
गोळीबार, गोळीबार, गोळीबार,
चला, एक सीट.

शाळेचं दप्तर घेतलेला एक मुलगा चढतो.
मी सरकते.
पोतं मांडीवर घेते.